बरणीत मावलेला महिना

महिनाभराचा आमच्या घरचा कचरा एका बरणीत मावला. सकाळी तिचा फोटो मी घरच्यांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं : ओल्या कचऱ्याचं घरीच खत होतं. अंथरुणाला खिळलेल्या बाबांचे डायपरही आता बंद. त्यांऐवजी जुन्या सुती चादरींच्या घड्या लावते आणि त्या रोज हातानं धुते.

आत्या : धन्य आहेस बाई!

धाकटा भाऊ : ताई, उद्या आम्हालाही धुऊन दोरीवर टाकू नकोस म्हणजे झालं.

दुपारी बाबांना ग्लानी आली. डॉक्टरांनी घरी येऊन सलाईन लावलं, बाबांच्या हाताची कातडी चिमटीत धरून पाहिली. "अंगात पाणीच उरलेलं नाही. पाणी देत नाही का यांना?"

"देते की! उशाशी भरलेला तांब्या असतो, त्यांचं ते घेतात. उरलं तर मी…"

उरलेलं पाणी मी रोज संध्याकाळी कुंड्यांना घालत होते, थेंबही वाया जाऊ नये म्हणून. आणि हल्ली तांब्या जवळजवळ भरलेलाच असायचा.

फोनवर अजून अंगठे येत होते.

डॉक्टर गेल्यावर मी बाबांजवळ बसले. "बाबा, तहान लागत नव्हती का हो तुम्हाला?"

 

"लागायची की. पण तू एवढी राबतेस, म्हटलं आपणही दोन घड्या कमी भिजवाव्यात."