खचणाऱ्या शहराचा शेवट

बांधकाम खात्यातला इंजिनिअर बाप मुलीच्या खोलीच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "शेवट आवडला बुवा आपल्याला."

मुलगी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. हल्ली ती बहुतेक तशीच असे. मधल्या बऱ्या दिवसांत तिने अकरा गाणी रेकॉर्ड करून ठेवली होती. अकरा मिळून एकच गोष्ट. एक शहर दरवर्षी मजलाभर जमिनीत खचतं. लोक कुरकुर न करता वर नवा मजला चढवतात आणि सामान हलवतात. एक मुलगी मात्र खालीच राहते.

"गाणी नीट ऐका," तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई बापाला म्हणाल्या होत्या. "तोंडाने सांगत नाही ते ती तिथे सांगतेय." सरकारी माणूस लेखी आदेशाशिवाय हलत नाही, पण या तोंडी आदेशावर त्याने आठवडाभर गाडीत दुसरं काही लावलं नव्हतं.

"कुठला शेवट?" ती वळली. बापाला तेवढ्यानेही हुरूप आला.

"अगं तोच, पोरगी जिना चढून गच्चीवर येते, तिला ऊन लागतं. काय आवाज लावलायस! साइटवर पोचलो तरी गाडीतून उतरलो नाही मी. आईला म्हटलंसुद्धा, सुटली बघ एकदाची."

"बाबा, ते अकरातलं दुसरं गाणं आहे."

"दुसरं?"

"शफल चालू असेल तुमचं. उलटसुलट लागतात मग."

बापाने चष्मा कपाळावर चढवून मोबाइल डोळ्यांजवळ नेला. चालू होतं. म्हणजे आठवडाभर त्याने लेकीचं शहर आधी गच्ची, मग पाया, मग मधले मजले असं बांधलं होतं. खात्यात हे नवीन नव्हतं. घरात पहिल्यांदाच.

"मग तिसऱ्यात काय होतं?"

"परत खाली जाते."

"का पण?"

"तिची खोली तिथे आहे."

बापाने चष्मा परत नाकावर आणला. "मूळ घोळ फाउंडेशनमध्येच आहे," तो म्हणाला. "माती न तपासता एवढं शहर उभं करायचं म्हणजे... मी असतो तर आधी..." आधी काय करतात ते त्याला तोंडपाठ होतं. पण लेक त्याच्याकडे बघत होती, त्यामुळे आठवेना.

अकराव्या गाण्यात काय आहे, हे विचारायला जीभ रेटेना. म्हणून त्याने दुसरंच विचारलं.

"तिला आणायला कुणी उतरतच नाही का खाली?"

"उतरतात ना. आठव्यात तिचे बाबा येतात. ऐकलं नाहीत?"

"ते... मध्येच कॉन्ट्रॅक्टरचा फोन आला गं. अर्धंच राहिलं." स्वयंपाकघरात आईने ताटं मांडल्याचा आवाज झाला. "मग? हाताला धरून वर आणतात?"

"दारात उभे राहतात. बराच वेळ." ती पुन्हा भिंतीकडे वळली. "मग 'जेवलीस का' विचारतात आणि वर जातात."

बापाने तोंड उघडलं होतं ते नेमकं हेच विचारायला. आता दुसरं काही सुचेपर्यंत त्याने ते तसंच उघडं ठेवलं.