या आठवड्याचा विषय

नऊ वर्षांच्या मनवाला शाळा नव्हती. कानामागे बसवलेल्या मण्यामुळे हवा तो विषय ती आठवड्याभरात शिकून मोकळी व्हायची. मोडी झाली, मधमाश्या झाल्या. या आठवड्यात मात्र ती नुसती आईकडे टक लावून बघत बसायची.

आईला, वृंदाला, धास्ती वाटू लागली. कुणाला न सांगता तिने दुपारी दवाखान्यात फोन लावला.

"मुलीचा मणी काढायचाय."

"वृंदाताई, सकाळी फोनवर तुम्हीच म्हणालात ना," पलीकडची बाई हसली, "दुपारी मी घाबरून फोन करेन, मनावर घेऊ नका?"

वृंदाने फोन ठेवला. मनवा दारात उभी होती.

"काय शिकतेयस तू?"

"तुला," मनवा वृंदाच्याच आवाजात म्हणाली. "झालीस शिकून. उद्यापासून बाबांना घेईन."