किड्यांची हजेरी

नदी आटली आणि मुखेडच्या पुढच्या त्या गावाला प्यायला एकच डोह उरला. पंचशीला दर सोमवारी तिथं यायची, पाण्यातले दगड उलटे करायची आणि खाली चिकटलेले किडे मोजायची. नदीतल्या किड्यांवरच तिचं संशोधन होतं.

“ताई, माणसाला पाणी न्हाई, अन् तुम्ही किड्यांची हजेरी घेऊन राहिल्या?” काठावर घागर घेऊन बसलेले म्हातारे दगडोबा हसायचे.

“काका, हे किडे घाण पाण्यात जगतच न्हाईत. हे हायत तोवर डोळे झाकून प्या. मासेबी ह्यांच्यावरच जगतात.”

“मंग कळवा की वर! वाळूवाले डोह उपसायला टपलेत. नवा जिल्हा झालाय, साहेब रिकामेच बसले असतील.”

तिनं जिल्ह्याच्या साहेबांना चार पानी अर्ज लिहिला. डोहात असे असे किडे सापडले, सबब हे पाणी सगळ्यात शुद्ध आहे, तरी वाळूउपसा थांबवून डोह वाचवावा. सोबत किड्यांचे फोटो जोडले.

पुढच्या सोमवारी मासे पोट वर करून तरंगत होते. दगडांखाली एकही किडा नव्हता. काठावर जंतुनाशक पावडरीची सहा रिकामी पोती पडली होती. रिकामी घागर बाजूला ठेवून दगडोबांनी तिच्या नावानं आलेला सरकारी कागद पुढं केला.

“आपण कळविल्यानुसार सदर पाण्यातील सर्व किडे नष्ट करण्यात आले आहेत.”



नव्या जिल्ह्यात आठवड्याच्या आत निकाली निघालेली ती पहिली तक्रार होती.