सोडलेली जागा

"आबा, आता इथे," ज्योत्स्ना म्हणाली आणि तिनं कुदळ वना आबाच्या पुढे केली.

आबानं ती घेतली नाही.

माती तपासणीसाठी नमुने घ्यायला ज्योत्स्ना चोपड्याच्या कृषी कार्यालयातून आली होती. कपाशी दरवर्षी पिवळी पडायची, म्हणून आबानंच तिला बोलावलं होतं. वावरात नागमोडी चालायचं, जागोजागी वीतभर खड्डा करायचा, कडेची माती खरवडून घमेल्यात घ्यायची. आतापर्यंत आबा तिच्या शब्दाबाहेर नव्हता.

"अठे नको," तो म्हणाला. "अठे उकिरडा व्हता."

मागून घमेलं घेऊन येणारी त्याची बायको, बेबाबाई, खळखळून हसली. "कव्हय व्हता उकिरडा? मी काय आज ऊनू का ह्या वावरमा?"

"मंग बाभूळ व्हती."

"बाभूळ बांधवर व्हती. आटपा ना! माले नदीवर जानं शे."

आज अखाजी होती, अक्षय्य तृतीया; गेलेल्यांना घास द्यायचा दिवस. बांधावरच्या निंबाखाली बेबाबाईनं दुधाचा तांब्या झाकून ठेवला होता. दात यायच्या आधीच गेलेली तिची लेक अनेर नदीच्या काठी पुरली होती म्हणे. दर अखाजीला बेबाबाई तिथे वाटीभर दूध ठेवून यायची. नेमकी जागा तिला ठाऊक नव्हती. तान्ह्या लेकराला पोचवायला बाया जात नाहीत आणि गडीमाणसं आईला जागा सांगत नाहीत. सांगितली तर ती तिथून उठत नाही, म्हणतात. तिनं फारच धोशा लावला, तेव्हा आबा एवढंच म्हणाला होता, नदीकडे. मग तिला जो काठ बरा वाटला, तोच तिनं आपला मानला.

ज्योत्स्ना जमिनीकडे बघत होती. कपाशीची वाळलेली पऱ्हाटी अजून उपटली नव्हती. सगळ्या ओळी सरळ होत्या, इथे मात्र एक ओळ बाजूला सरकून पुढे पुन्हा जागेवर आली होती. मधे हातभर जागा मोकळीच होती.

"इथे काही लावलं नव्हतं का आबा?"

"त्यासना हातच वाकडा शे," बेबाबाईनं परस्पर सांगितलं. "दरसाल अठेच ओळ वाकडी जास. बठ्ठं गाव हासस."

ही थट्टा जुनीच होती. दरवर्षी आबाही तिच्याबरोबर हसायचा. आज हसला नाही. मोकळ्या जागेच्या कडेला तो पाठमोरा उभा राहिला, आणि पाय मात्र त्यानं जपून बाहेरच ठेवले होते.

बेबाबाईनं त्याचे पाय बघितले. मग ती वाकडी ओळ बघितली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्या हातातलं घमेलं कलंडलं आणि सकाळपासून गोळा केलेली माती तिच्याच पावलांवर सांडली.

"ती अठे शे?"

आबाची नजर त्या मोकळ्या जागेवरून हलली नाही. त्याला खोटं कधी जमलंच नव्हतं. एकच जमलं होतं, नदीचं, आणि तेच त्यानं इतकी वर्षं सांभाळलं.

"आजलोंग मी नदीवर कोनले दूध पाजं?" ती ओरडली. "सांगा ना! कोनले पाजं?"

"तुले सांगतू तर तू अठून उठती नही."

ज्योत्स्नाला हळूहळू उमगलं. तिनं कुदळ उचलून लांब नेऊन ठेवली आणि सांडलेली माती मुकाट्यानं घमेल्यात भरू लागली. बेबाबाईनं तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे पोरी," म्हणाली आणि मोकळ्या जागेशेजारी खाली बसली.

ऊन डोक्यावर आलं. आबा निंबाखालून दुधाचा तांब्या घेऊन आला आणि तिच्याजवळ धरून उभा राहिला. दूध नासलं होतं.

"चाल आते घर," तो म्हणाला.

बेबाबाई उठली नाही.