अळूचा निळा ठिपका

उपग्रहाला आता हातभर ओलही दिसायची, म्हणून गुहागरच्या मनोरमाकाकूंच्या परसातलं अळू नकाशावर ‘पाणथळ जागा’ म्हणून निळं झालं होतं. ते तपासायला सर्वेक्षक तन्वी आली.

“अगो, मोरीचं पाणी जातं तिथे,” काकू हसल्या. “खुशाल पूस तो ठिपका.”

“पुसणारच होते. पण कॅनडाहून रेवती खांबेटेंची हरकत आलीय. लिहिलंय, आई फोन उचलत नाही. ठिपका निळा दिसला की कळतं, तिची भांडी घासून झाली.”

वर्षभर लेकीशी अबोला धरलेल्या काकूंनी वर आभाळाकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, “किती वाजता येतो गो तो उपग्रह?”

“येईलच अर्ध्या तासात.”

घासायला एकही भांडं उरलं नव्हतं. तरी काकूंनी भरलेला हंडा मोरीत उपडा केला.