झडती

नेरच्या बसस्टँडसमोर इकबालचाचांचं बांगड्यांचं दुकान आहे. चोर हालचालीवरूनच कळतो, असं ते सगळ्यांना सांगत. त्या दुपारी कॉलेजची एक मुलगी दुकानात शिरली आणि चाचा सावध झाले. ती बांगड्या मागायची, पण त्यांच्याकडे बघायची नाही. सारखी मागे वळून दाराकडे पाहायची. बॅग छातीशी घट्ट धरलेली, कपाळावर घाम. एकही बांगडी हातात न घालता म्हणायची, "दुसऱ्या दाखवा."

शेवटी चाचांनी काउंटरवर हात आपटला. "काय लपवून राह्यली? बॅग दाखव."

त्यांना वाटलं, आता ही रडेल, नाहीतर पळेल. तिने मुकाट्याने बॅग उघडली. वह्या, डबा, पाण्याची बाटली. चोरीचं काहीच निघालं नाही.

"जाय आता," चाचा ओशाळून म्हणाले.

ती जागची हलली नाही. "अजून एकदा पाहा ना, चाचा," ती हळूच म्हणाली. "सावकाश पाहा."

आता कुठे चाचांनी, ती जिकडे पाहत होती तिकडे पाहिलं. रस्त्यापलीकडे मोटरसायकलवर एक माणूस बसला होता. त्याची नजर दुकानावरून हलत नव्हती.

चाचा उठले. त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि मागे घरात असलेल्या बायकोला, रस्त्यापलीकडेही ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, "अनवरी, चाय ठेव! आपली पोरगी आली!"