सोळा अक्षरी नाव

मारित्सा नदी इस्पितळाच्या तळघरात शिरली, तेव्हा आम्ही वायरी उपटून सर्व्हर, डिस्कांची कपाटं आणि त्यांना एकमेकांशी जोडणारी पेटी वर आणली. कुठली वायर कुठे, हे सांगणाऱ्या चिठ्ठ्या भिजून कोऱ्या झाल्या होत्या. एका मुलीची शस्त्रक्रिया खोळंबली होती. तिच्या मेंदूची चित्रं याच डिस्कांत. “कुठेही खोच, दांचो,” आमच्या संगणक विभागाची प्रमुख त्स्वेतानाताई म्हणाली. “वेड लागलंय का?” मी ओरडलो. “जोडणारी पेटी जागा बघत नाही, नाव बघते. महिनाभर प्रत्येक यंत्राचं सोळा अक्षरी नाव तिला शिकवत होते, तेव्हा ‘बारशाचं जेवण कधी?’ म्हणून दात काढत होतास ना? खोच!” दिसेल त्या भोकात मी वायरी खोचल्या. दिवे एकेक करत हिरवे झाले. डॉक्टरांचा फोन आला, “दिसली चित्रं!” “प्रत्येक यंत्राला कारखान्यात जन्मताच मिळालेलं नाव, जगात दुसऱ्या कुणाचं नाही,” ताई म्हणाली. आमच्या गल्लीत चार दांचो आहेत. मी ताईपुढे टोपी काढली.